नाव ऐकलं आणि ‘नंतर कळवतो’ म्हणाले: धर्मावरून होणाऱ्या भेदभावावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण थकलेल्या पगाराबद्दल बोललो, त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातली बरीचशी वेगळ्याच विषयावर होती. नोकरी मागायला गेल्यावर, शाळेत, दवाखान्यात, बाजारात, धर्म बघून वेगळं वागवलं जातं, त्यावर कायद्यात काय आहे का, असं लोक विचारतायत. वाचून जीव तुटला, कारण आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येतं आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची, नावं आपण आजही एका दमात घेतो. पत्रं मोठी होती, थोडी छाटलीत. माणसांची, कंपन्यांची, शाळांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. झालोय, टॅली येतं, दोन वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये बिलिंग केलंय. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंटला माणूस पायजे म्हणून गेलो, टेस्ट घेतली, चांगली गेली, सोमवारपासून या म्हणाले. मग आधार कार्ड मागितलं, साहेब ते घेऊन आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले नंतर कळवतो. रात्री तिथं काम करणाऱ्या ओळखीच्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅप आला की शेठ तुमच्यातली पोरं घेत नाहीत. ह्याच्यावर केस होते का? (वाचक, साखर पेठ)

उत्तर : भाऊ, आधी कडू आहे ते सांगते. खासगी मालकानं धर्म बघून नोकरी नाकारली तर त्यासाठीच म्हणून शिक्षा किंवा भरपाई सांगणारा कायदा आपल्या देशात आजही नाही. संविधानाचं कलम १६ म्हणतं की केवळ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही, पण ते सरकारी नोकरीपुरतं आहे. म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, एसटी, महावितरण, विद्यापीठ, सरकारी बँक यांनी असं केलं असतं तर मी तुम्हाला उद्याच कागद घेऊन या म्हटलं असतं. कारखान्याच्या गेटवर हे कलम थांबतं.

हे मला पटत नाही आणि ते मी इथं स्पष्ट लिहिते. एचआयव्ही असलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही असा २०१७ चा कायदा खासगी मालकालाही लागू आहे, तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदाही खासगी आस्थापनांना लागू आहे, मग धर्माच्या बाबतीतच हात आखडता का? सच्चर समितीनं २००६ मध्येच समान संधी आयोग नेमा असं सुचवलं होतं, शशी थरूर यांनी लोकसभेत २०१६ चं भेदभावविरोधी खासगी विधेयकही मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. तुमच्यासारखी शिकलेली पोरं त्या मोकळ्या जागेत अडकतात.

आता जे हातात आहे ते. भारतीय न्याय संहितेचं कलम १९७ आहे, जुन्या आयपीसीत ते १५३ ब होतं. अमुक धर्माच्या लोकांना ते त्या धर्माचे आहेत म्हणून नागरिकाचे हक्क नाकारावेत असं कोणी म्हटलं, सल्ला दिला, छापलं किंवा पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१५ मध्ये मुंबईत एका हिरे कंपनीनं एका मुस्लिम तरुणाला आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो असा ईमेल पाठवला तेव्हा पोलिसांनी ह्याच कलमाखाली गुन्हा नोंदवला होता. तिथं कंपनीचं म्हणणं लेखी हातात होतं हे लक्षात घ्या. तुमच्याकडं आहे तो तिसऱ्या माणसाचा मेसेज, तो कमी वजनाचा आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे कंपनीच्या अधिकृत ईमेलवर सभ्य भाषेत विचारा की टेस्टनंतर मला सोमवारपासून यायला सांगितलं होतं, आता निवड का झाली नाही ते कळवा. उत्तर आलं तरी कागद, नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतं याचा कागद. मूळ मेसेज फोनमध्ये तसाच ठेवा, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, निस्ता स्क्रीनशॉट कोर्टात टिकवणं अवघड जातं कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि त्या ओळखीच्या पोराला विचारल्याशिवाय त्याचा मेसेज कुठंही जोडू नका, त्याचीपण नोकरी आहे.

दुसरा दरवाजा अल्पसंख्याक आयोगाचा. राष्ट्रीय आयोग १९९२ च्या कायद्यानं आलाय, राज्याचा आयोग २००४ च्या कायद्यानं. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन यांना तिथं तक्रार करता येते, फी नाही. आयोग कंपनीकडून खुलासा मागवतो, सुनावणीला बोलावतो. नोकरी द्या असा हुकूम तो मालकाला देऊ शकत नाही, शिफारस करतो, पण खुलासा लिहायची वेळ आली की बऱ्याच मालकांचा सूर बदलतो.

एक गोष्ट सगळ्याच कामगारांसाठी. नोकरीला लागल्यावर मग त्रास सुरू झाला, म्हणजे धर्म बघून रात्रपाळी लावणं, ओव्हरटाइम एकाच गटाला देणं, मुद्दाम लांब बदली, तर तिथं मात्र कायदा बराच मजबूत आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादी आहे, त्यात गुणवत्ता न बघता एका गटातल्या कामगारांना झुकतं माप देणं आणि वाईट हेतूनं बदली करणं हे दोन्ही आहे. तक्रार ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही झुकत्या मापाची ही बाब आहे. अर्ज कुठल्या कायद्याखाली टाकायचा ते तुमचा वकील ठरवेल, दिवस मोजायचं काम मात्र तुमचं.

प्रश्न : नवी पेठेत कापडाच्या मोठ्या शोरूममध्ये काम करते, आम्ही तीस-पस्तीस जण आहोत. आम्ही ख्रिश्चन. दिवाळीला दोन दिवस सुट्टी असते, पण नाताळला मागितली की सीझन आहे म्हणतात आणि पगार कापतात. गुड फ्रायडेचं तर नावच काढायचं नाही. मॅनेजर म्हणाला, तुझ्या एकटीसाठी नियम बदलायचा का? (वाचक, मोदीखाना)

उत्तर : ताई, नियम बदलायची गरजच नाही, नियम आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७, कलम १८. वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कुठल्या ते मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. मिळून, असं कायदाच म्हणतो, पण आपल्या बाजारपेठेत मालक एक कागद भिंतीला लावून मोकळा होतो आणि कामगारांना कोणी विचारतच नाही. शिवाय वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा भरपगारी मिळते, ती वेगळी.

म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीलाच, सगळ्यांच्या सह्या घेऊन एक पत्र द्या की पुढच्या वर्षाच्या चार सुट्ट्या ठरवायला बैठक घ्या. तुमच्याबरोबर ईदवाले असतील, १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमावाले असतील, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी पायजे असणारे तर बरेच असतील, सगळे मिळून बोला म्हणजे तुझ्या एकटीसाठी हे वाक्यच गळून पडतं. चारात सगळ्यांचं बसत नाही हे खरं आहे, मग ज्याचा त्याचा सण किरकोळ रजेतून मंजूर करायचा असं त्याच पत्रात लिहून घ्या. एकाला सणाला रजा मंजूर आणि दुसरीचा पगार कापला असं रजिस्टरवर दिसत असेल तर पगारपत्रकाच्या झेरॉक्स घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत १९ वर्षं शिक्षक आहे, बौद्ध आहे. परिपाठाला देवीची आरती होते, मी मुलांबरोबर शांत उभा राहतो पण हात जोडत नाही. नवीन अध्यक्ष आल्यापासून त्यावरून मेमो दिलेत, शिस्तभंग म्हणून. आता मुख्याध्यापक रिटायर होतायत, सेवाज्येष्ठतेत माझा नंबर आहे पण ज्युनिअर सरांना बसवायचं चाललंय असं कानावर आलंय. काय करावं? (एक शिक्षक, अक्कलकोट रोड)

उत्तर : सर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच उच्च न्यायालयानं दिलेलं आहे आणि ते प्रत्येक स्टाफरूममध्ये माहीत असायला पायजे. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, हात जोडायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्काचा भंग. आधार कलम २८ चा. पूर्ण सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत असलेल्या कुणालाही स्वतःच्या संमतीशिवाय, मूल असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पालक हे वाचत असतील तर तुमच्या मुलांनाही हेच लागू आहे.

त्याच्या आधीचा एक निकाल केरळचा, १९८६ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींचं ते निकालपत्र मी नवीन वकिलांना वाचायला देते. उभं राहणं हा आदर आहे, मनाविरुद्ध ओठ हलवायला लावणं ही सक्ती आहे, हा फरक त्यात फार नीट समजतो. तुम्ही शांत उभे राहताय, म्हणजे तुमच्या बाजूनं शिस्तीत काहीच कमी नाही.

मेमोला गप्प बसू नका, प्रत्येक मेमोला लेखी उत्तर द्या, त्यात मी उपस्थित होतो, शांत उभा होतो, कलम २८(३) नुसार हात जोडायची सक्ती करता येत नाही, एवढं तीन ओळीत, आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन. रागावून चार पानं लिहिली की त्यातलीच दोन वाक्यं नंतर तुमच्याविरुद्ध वापरतात, असं होताना मी बघितलंय.

मुख्याध्यापकपदाचं बघायला गेलं तर महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा १९७७ चं कलम ९ तुमच्यासाठीच आहे. बडतर्फी, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणं या तिन्हीवर शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं आणि मुदत फक्त ३० दिवस. तीस! लोक अध्यक्षांकडं चकरा मारतात, आमदारांचा फोन लावतात, समेट होईल म्हणून थांबतात आणि एकतिसाव्या दिवशी माझ्याकडं येतात, तेव्हा खरंच रडू येतं. ज्युनिअरचा आदेश निघाला की त्याच आठवड्यात वकील गाठा. आत्ताच सेवाज्येष्ठता यादीची सही-शिक्क्याची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयातून माहिती अधिकारात मागवून ठेवा, दहा रुपयांचं तिकीट आणि ३० दिवस. आणि रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयात अर्ज, करायची वेळ आलीच तर आता मुंबईला जायचं नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच चालू आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याखाली येतो.

प्रश्न : मी हिंदू आहे, अल्पसंख्याक ट्रस्टच्या अनुदानित शाळेत क्लार्क आहे. नवीन सेक्रेटरी म्हणतात आमच्या समाजाचा माणूस घ्यायचाय, तुम्ही राजीनामा द्या. धर्मावरून भेदभाव म्हणजे फक्त अल्पसंख्याकांवरचाच धरतात का? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : अजिबात नाही दादा. संविधानात फक्त धर्म असा शब्द आहे, कुणाचा ते लिहिलेलं नाही. कलम ३० नं अल्पसंख्याकांना संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, त्यात मुख्याध्यापक निवडायची बरीच मोकळीक येते. १९७७ च्या कायद्यातसुद्धा अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख आणि ज्यांची नावं शाळेचं व्यवस्थापन शिक्षण संचालकांना कळवतं असे जास्तीत जास्त तीन जण, यांच्या भरतीला सूट आहे. पण तुम्ही आधीपासून मान्यताप्राप्त पदावर आहात, पगार अनुदानातून होतो, तुम्हाला चौकशीशिवाय आणि कारणाशिवाय घालवता येत नाही. राजीनाम्यावर सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी पत्र टाका की आज मला राजीनामा मागितला, मी देणार नाही. काढलंच तर वरच्या सरांना सांगितलं तेच, ३० दिवसांत न्यायाधिकरण.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय, एक मुस्लिम, एक मातंग समाजाची. एका मेसवाल्या काकूंनी आधी पैसे घेतले, आडनावं कळल्यावर परत दिले, म्हणाल्या बाकीच्या मुली जेवायच्या थांबतील. (दोन विद्यार्थिनी)

उत्तर : पोरींनो, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कलम १५(२) असं आहे की धर्म, जात, लिंग यावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथं मज्जाव करता येणार नाही, आणि हे कलम सरकारपुरतं नाही, खासगी माणसालाही लागू आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ह्या कलमावर चर्चा चालली होती तेव्हा धोबी, न्हावी यांचं काय असा प्रश्न आला आणि बाबासाहेबांनी सांगितलं की दुकान हे मोठ्या अर्थानं घ्यायचं, पैसे घेऊन सेवा देणारा जो कोणी आहे तो त्यात आला. पैसे घेऊन रोज जेवण देणारी मेस त्यातून सुटेल असं मला वाटत नाही.

पण तुम्हा दोघींचा रस्ता वेगवेगळा होतो, हे सांगायला मलाच जड जातंय. जातीवरून अस्पृश्यता पाळून सेवा नाकारली तर तो १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही बघावा लागेल, म्हणजे सरळ पोलीस ठाणं. धर्मावरून नाकारलं तर १५(२) चा हक्क आहे पण त्याला स्वतःची शिक्षा नाही, दिवाणी कोर्ट किंवा रिट. त्यामुळं तुमच्या बाबतीत मी म्हणेन की आधी दोघींनी मिळून विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं लेखी द्या, पैसे दिल्याचा आणि परत आल्याचा यूपीआयचा रेकॉर्ड जोडा. दोघींनी एकत्रच द्या.

प्रश्न : सुनेला बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेलं, बुरखा बघून तिथली बाई सगळ्यांसमोर बोलली, तुम्हाला किती पोरं लागतात, आणि मग दोन तास कुणी बघंना. बाळ-बाळंतीण ठीक आहेत अल्लाच्या कृपेनं. पण सून अजून रडायलीय. तक्रार केली तर पुढच्या वेळी त्रास देतील का? (एक आजी)

उत्तर : आजी, सुनेला माझा आशीर्वाद सांगा आणि तिला हेही सांगा की चूक तिची नव्हती. सरकारी दवाखाना म्हणजे सरकार, तिथं कलम १५(१) पूर्ण लागू होतं, आणि वेळेवर उपचार हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्कातला भाग आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत तर त्यांनी घ्यायची शपथच आहे की धर्म, वंश, पक्ष, सामाजिक दर्जा यातलं काहीही मी माझ्या आणि रुग्णाच्या मध्ये येऊ देणार नाही.

डिस्चार्ज कार्ड, केसपेपर सांभाळा, त्यावर वेळा असतात. तारीख, वार्ड, किती वाजता नेलं, किती वाजता तपासलं, बाई काय बोलली, शेजारच्या खाटेवर कोण होतं, एवढं नातवाकडून लिहून घ्या आणि अधीक्षकांना द्या, पोच घ्या. नर्स असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, सोबत राज्य अल्पसंख्याक आयोगाला एक प्रत. त्रास देतील का असं विचारलंत, खरं सांगायचं तर तोंडी भांडणाऱ्याला देतात, पोच घेऊन अर्ज देणाऱ्याला द्यायला कचरतात. आणि हो, बाळाचा जन्मदाखला काढताना टोलवाटोलवी केली तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्जाची पावती मागा, मुदतीत नाही मिळालं तर अपील, आणि चूक ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

प्रश्न : दक्षिण सोलापुरातल्या एका गावच्या आठवडी बाजारात बांगड्या विकतो, बापापासून. मागच्या महिन्यात बोर्ड लावला की अमुक लोकांकडून खरेदी करू नका, आणि ग्रामपंचायत ठराव करायलीय असं म्हणायलेत. (एक बांगडीवाला)

उत्तर : मामू, बोर्डाचा फोटो तारीख-वेळेसकट काढलाय ना? नसेल तर आजच काढा. वर साखर पेठच्या भावाला सांगितलेलं कलम १९७ इथं कारखान्यापेक्षा जास्त घट्ट बसतं, कारण बोर्ड म्हणजे जाहीर प्रचार झाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं द्वेषाच्या भाषणांवर कुणी तक्रार द्यायची वाट न बघता गुन्हा नोंदवा असं आधी काही राज्यांच्या पोलिसांना सांगितलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ते सगळ्या राज्यांना लागू केलं. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार रजिस्टर पोस्टानं ग्रामीण पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. ही केस कोर्टात चालवायला आधी सरकारची किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, म्हणून वेळ लागतो, ते गृहीत धरा.

ग्रामपंचायत ही सरकारच्या व्याख्येत येते, तिनं धर्मावरून बाजारबंदीचा ठराव केला तर तो कलम १५ च्या सरळ विरुद्ध आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवायचे अधिकार वरच्या अधिकाऱ्यांना दिलेत. ठराव व्हायची वाट बघू नका, आत्ताच गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या. ज्या गिऱ्हाइकांच्या आयांनी तुमच्या वडिलांकडून लग्नाचा चुडा भरला त्यांच्या सह्या त्या अर्जावर घ्या, गावच तुमच्या बाजूनं बोलतंय हे अधिकाऱ्याला दिसलं पायजे.

प्रश्न : एअरफोर्सची तयारी करतोय. भरती झाल्यावर दाढी ठेवता येते का? (वाचक, नई जिंदगी)

उत्तर : नाही येणार. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हवाई दलाचा नियम कायम ठेवला, तिथं दाढीवरून सेवेतून काढलेल्या जवानाचं अपील फेटाळलं. शिखांना दाढी आणि पगडीची मुभा त्या नियमांतच आहे. सशस्त्र दलांची शिस्त कोर्ट वेगळी धरतं, मुलकी ऑफिसातल्या नोकरीवर तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तयारी चालू ठेवा, परीक्षेला शुभेच्छा.

प्रश्न : मी कुंभारीकडं राहते, बिड्या वळते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्याच बिड्यांत चेकर जास्त छाट काढतो, म्हणजे जास्त बिड्या नापास करतो, पानंपण खराब देतो, विचारलं की म्हणतो पटत नसेल तर दुसरीकडं जावा. कोर्टात जायला पैसे कुठून आणू? (एक बिडी कामगार)

उत्तर : मावशी, पैशाचं शेवटी सांगते. तुम्ही जे म्हणताय ते म्हणजे वर सांगितलेलं एका गटाला झुकतं माप हेच आहे, फक्त ते कागदावर दिसायला पायजे, नाहीतर चेकर म्हणणार की ह्यांचं कामच खराब. तुमच्या दहा-बारा जणींनी एक वही करा, रोज किती पानं-तंबाखू मिळाला, किती बिड्या दिल्या, छाट किती, आणि दुसऱ्या वस्तीतल्या ज्या बायका तुमच्याशी बोलतात त्यांच्या छाटीचा आकडापण लिहा. महिनाभराची वही झाली की फरक तिथंच दिसतो. छाटीचा वाद हा १९६६ च्या बिडी कामगार कायद्यापासून कामगार खात्याकडं मांडायचा विषय राहिलाय, मालकाची मेहेरबानी नाही. युनियनला बरोबर घ्या, सोलापुरात बिडी कामगारांच्या युनियन जुन्या आणि जागत्या आहेत, एकट्या जाऊ नका.

वकिलाची फी तुम्हाला द्यायचीच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारालाही मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, अंगठा असला तरी चालतो, बरोबर आधार आणि बिडी कामगाराचं ओळखपत्र न्या. ती वही न्यायला विसरू नका.